शेवटची सोळा पानं

फौजदाराला मारायचं मी नक्की केलं तेव्हा बायको शेंगा सोलत बसली होती. मी म्हणालो, "या वेळी संपवतोच त्याला." तिनं मान वर न करता विचारलं, "कशानं?" मी म्हणालो, "ते अजून ठरलं नाही." ती म्हणाली, "मग ठरेपर्यंत दूध घेऊन या."

हा फौजदार म्हणजे माझ्या रहस्यकथांचा नायक. चाळीस वर्षं तो माझ्या घरात राहतो आहे आणि लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. साठाच्या वर पुस्तकं झाली त्याची. सगळी एकाच मापाची, खिशात मावतील अशी. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि पिस्तुलाच्या मागे एक घाबरलेली बाई, जी आतल्या पानांत कुठेच सापडत नाही. मी लिहायला लागलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि तो बेचाळीसचा. आज मी बाहत्तरचा आहे आणि तो बेचाळीसचाच. मला जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, तो अजून कुंपणांवरून उड्या मारतो. मला त्याचा राग येतो असं म्हटलं की लोक हसतात. पण खरोखर येतो.

बँकेत गेलो की कॅशियर "या फौजदारसाहेब" म्हणतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी एका पाहुण्याला माझी ओळख "हे आपले फौजदार" अशी करून दिली, तर तो बिचारा हातातली पत्रावळ खाली ठेवून उभाच राहिला. माझं खरं नाव पुस्तकावर छापलेलं असतं, पण ते कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

नोकरीनं मी मोजणीदार. जमिनी मोजायच्या, बांध कुठून जातो ते ठरवायचं, दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या आणि नकाशा करून द्यायचा. बीड जिल्ह्यात तीसेक वर्षं मी असा उन्हात उभा राहिलो. लिंबागणेशला, वडवणीकडे, नारायणगडाच्या आजूबाजूच्या गावांत, जिथं सख्खे भाऊ हातभर जागेपायी एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जात नाहीत. खुनाची कारणं मला कधी शोधावी लागली नाहीत. ती बांधावर उभी राहून मला सरबताचा आग्रह करत होती.

मोजणीत आधी पक्की खूण शोधावी लागते. म्हणजे असा दगड, जो कुणी सरकवलेला नाही. तो सापडला की तिथून उलटं मोजत यायचं. मी पुस्तकंही तशीच लिहिली, आधी शेवट आणि मग बाकीचं. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याला फर्मा म्हणतात. माझा शेवटचा फर्मा म्हणजे फौजदाराचा फर्मा. सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून तो दार लावून घेतो, एकेक गाठ सोडवत जातो, कुणाचा तरी चेहरा पडतो, बेड्या वाजतात, पुस्तक संपतं. त्या सोळा पानांसाठी मी मरमर मरायचो. बाकीच्या पानांत मी पाट्या टाकल्या असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. शेवटात मात्र एकही खिळा ढिला सापडायचा नाही. निदान माझी तशी समजूत होती आणि त्या समजुतीवर माझं आयुष्य उभं होतं.

या पुस्तकाच्या वेळी मी शेवट न सुचताच सुरुवात केली. प्रकाशकाला घाई होती आणि मलाही एकदाचं सुटायचं होतं. एका कॉलेजच्या पोराचा खून होतो, विहिरीत प्रेत सापडतं, फौजदार येतो. दोनशे पानं झाली. मग शेवटच्या सोळा पानांशी येऊन मी जो थांबलो तो थांबलोच. फौजदार मरणार एवढं माहीत होतं. गोळी लागून, पाय घसरून, साप चावून, सगळं लिहून पाहिलं आणि फाडलं. प्रकाशकाचा मुलगा आता धंदा बघतो. तो फोनवर म्हणाला, "सर, शक्यतो मारू नका. आणि मारायचंच असेल तर दणक्यात मारा." मी फोन ठेवला आणि अर्धा तास भिंतीकडे बघत बसलो.

थकलो होतो मी. वयाचा थकवा वेगळा, तो दुपारी झोपलं की थोडा उतरतो. हा तसा नव्हता. इतकी वर्षं हे कशासाठी केलं ते मला आठवेनासं झालं होतं. वर्तमानपत्रांनी माझं नाव घेतलं नाही, साहित्य संमेलनवाल्यांनी मांडवाच्या बाहेर उभं केलं, त्याचं मला फार काही वाटलं नाही. वाटलं तेव्हा मी एकाच गोष्टीचा आधार घेत आलो. तो आधार वडवणीत एका किराणा दुकानात होता.

ते दुकान एका आप्पांचं. कपाळाला विभूतीचे पट्टे, पांढरी टोपी, तराजूपेक्षा जिभेवर जास्त विश्वास. डाळी-गुळाच्या पोत्यांमागे त्यांनी एक फळी पुस्तकांना दिली होती आणि ती पुस्तकं ते वाचायला भाड्यानं द्यायचे. मोजणीला वडवणीत गेलो की मी त्यांच्याकडे चहा घ्यायचो. तिथं मी पहिल्यांदा बघितलं की माझ्या प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा फर्मा आप्पांनी सोडवून काढलेला आहे आणि उरलेलं पुस्तक दाभणानं परत शिवलेलं आहे.

मी हबकून विचारलं, "आप्पा, हे काय केलंत?"

"शेवट माज्यापाशी ऱ्हातो," आप्पा म्हणाले. "लोक ऊसतोडीला जातेत, सा-सा महिने येत न्हाईत. पुस्तक तिकडंच ऱ्हातं. आता कसं, शेवट वाचायचा तर पुस्तक परत आणायचं. हितं दुकानाम्होरच्या फळीवर बसायचं, शेवट वाचायचा, माज्या हातात द्यायचा आन् घरी जायचं."

"सगळ्यांच्याच पुस्तकांचं असं करता?"

"न्हाई. फकस्त तुमच्या. बाकीच्यांचा शेवट पहिल्या पानावरच कळतो, त्यो कुलपात ठिवून काय करू?"

त्या दिवशी मी बसमध्ये एकटाच हसत होतो. नंतर जिथं जिथं माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, तिथं मी हे भाषणात सांगितलं. माझे शेवट वडवणीत कुलपात ठेवावे लागतात! टाळ्या पडायच्या. मला दुसरं काही नको होतं. दुकानासमोरच्या फळीवर माणसं बसली आहेत आणि माझी सोळा पानं वाचताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून मी पुढची चाळीसेक पुस्तकं लिहिली.

तर मी असा भिंतीकडे बघत बसलो असताना त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. "साहेब, दुकान बंद करायलोय. पोरगा मोबाईलचं टाकतोय हितं. पुस्तकं तर कोन न्यायना आता. तुमचे शेवट तेवढे घेऊन जा. रद्दीत घालायला हात उठंना."

मी गेलो. चतुर्थी होती म्हणून बीडच्या स्टँडवर लिंबागणेशच्या गाडीला ही गर्दी, वडवणीची गाडी मात्र निम्मी रिकामी. खिडकीशी बसून मी ठरवत होतो की ते फर्मे घरी आणायचे, एकेक वाचायचे, म्हणजे साठ शेवटांतून एकसष्टावा सुचेल. कारागिरानं आपलाच जुना माल उलटून बघावा, तसं.

वडवणीत बाजाराचा दिवस होता. दुकान जवळजवळ रिकामं झालेलं, भिंतींवर डब्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. आप्पांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत सुतळीनं बांधलेले गठ्ठे. शेजारी पोत्यावर माझी पुस्तकं पडली होती, शेवट नसलेली. त्यांची काय दशा झाली होती म्हणून सांगू! पानं अंगठ्यांनी काळी पडलेली, कुठं तेलाचे डाग, कुठं चुलीची राख, एकाच्या मधोमध चक्क भाकरीचा तुकडा वाळून चिकटलेला. मला भरून आलं. मग मी डब्यातला एक गठ्ठा सोडला.

पानं स्वच्छ होती. कडा काळानं पिवळ्या झाल्या होत्या, पण आत एक डाग नाही, कुठे घडी नाही, कोपरा मुडपलेला नाही. दुसरा गठ्ठा सोडला, तोही तसाच. तिसरा. एका फर्म्यातली दोन पानं छापखान्यात वरच्या कडेला कापायची राहून गेली होती, ती अजून तशीच जोडलेली होती. चाळीस वर्षं मी फौजदाराला पुरावे शोधायला लावले, पण इतका उघडा पुरावा त्यालाही कधी सापडला नव्हता.

"आप्पा," मी म्हणालो, "हे कुणी वाचलेलंच नाही."

आप्पा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "पहिल्यांदा वाचलं की दोन-चार जणांनी."

"आणि नंतर?"

"नंतर न्हाई वाचलं."

"मग पुस्तकं परत कशी येत होती?"

"दुसरं न्यायला. मी म्हनायचो, शेवट वाचून जा की बे. म्हनायचे, ऐकला आप्पा शेवट, तुमी नवीन द्या." आप्पा माझ्याकडे बघेनात. "तुमी लई खूश होऊन सांगायचे सगळीकडं. मग मी कशाला बोलू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी बाहेर येऊन त्याच फळीवर बसलो, जिच्यावर माझे वाचक बसत असत असं मी जगाला सांगत आलो होतो. साठ पुस्तकांचे साठ शेवट. ते जुळवता जुळवता पोरांच्या शाळा, बायकोची आजारपणं, सगळं माझ्या पाठीमागे होऊन गेलं. मी मागे वळून बघितलं नव्हतं.

मान खाली घालून मी उगाच डबा उपसत राहिलो. तळाशी एक फर्मा हाताला लागला आणि तो मात्र वेगळा लागला. फडक्यासारखा मऊ. घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते आणि ते चिकटपट्टीनं जोडलेले होते. चिकटपट्टीही पिवळी पडून तिच्यावर दुसरी लावलेली. अक्षरं काही ठिकाणी पुसून गेली होती.

"ह्यो एक मागतेत लोक," आप्पा म्हणाले. "आप्पा, ते दोराचं पान दावा म्हनतेत."

दोर म्हटल्यावर मला आठवलं. आणि लाजही वाटली, कारण माझ्या सगळ्या पुस्तकांत तोच शेवट मला सर्वांत टाकाऊ वाटत आला होता.

ते पुस्तक अर्ध्यावर असताना माझे वडील गेले. मी तेव्हा आष्टीकडे एका शिवारात मोजणी करत होतो. तेव्हा साखळीनं मोजायचो. गावचा कोतवाल बांधाबांधानं चालत आला. माझ्या हातातली साखळी त्यानं घेतली, कडी-कडी करून नीट गोळा केली, पिशवीत घातली, मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. गाडी मिळेपर्यंत तो माझ्या शेजारी बसून राहिला. त्याचं नावही मला माहीत नव्हतं.

दिवस-कार्य उरकून परत आलो तेव्हा त्या पुस्तकाचा आधी लिहिलेला शेवट वाचवेना. खोली, संशयित, बेड्या, सगळं खोटं वाटलं. मी तो फाडला. नव्या शेवटात फौजदार मेलेल्या माणसाच्या घरी जातो. त्याची आई विहिरीवर पाणी शेंदत असते. तो तिच्या हातातला दोर घेतो, पोहरा वर ओढतो, घागर भरून देतो, दोराची गुंडाळी करून काठावर ठेवतो. मग तिला खाली बसवतो आणि कुणी मारलं ते सांगतो. शेजारपाजारच्या बाया जमेपर्यंत तो तिथंच बसून राहतो. बास. तेव्हाच्या प्रकाशकाचं पत्र आलं की फौजदार रडका झाला आहे, पुन्हा असं नको. मलाही ते पटलं. मी कानाला खडा लावला आणि परत खोलीत, बेड्यांकडे गेलो.

"पण लोकांना बाकीच्या पुस्तकांचे शेवट कुणी सांगितले?" मी आप्पांना विचारलं.

त्यांनी दारातून बोट दाखवलं. समोर रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून एक बाई लसूण आणि वाळलेल्या मिरच्या घेऊन बसली होती. साठीची असेल. "तिनं," आप्पा म्हणाले. "आता जात न्हाई, पर लई वर्सं जायची तोडीला. टोळीत तिलाच वाचता यायचं."

मी पिशवी झटकून तिच्यापुढे जाऊन बसलो. मागोमाग आप्पाही आले आणि मी कोण ते त्यांनी सांगून टाकलं. बाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमी व्हय? मला वाटलं, त्यो फौजदारच लिवतो."

"नाही, मी लिहितो," मी म्हणालो. कधी नव्हे ते मलाच पटवून द्यावं लागत होतं. "तुम्ही शेवट सांगायच्या म्हणे?"

"मंग काय करू? आप्पा शेवट देईना. उसाच्या फडात गाडी यायची वाट बघत बसलं का पोरी म्हनायच्या, वाच. वाचायची. पुस्तक संपायचं आन् शेवट न्हाई. समदे माज्या तोंडाकडं बघायचे."

"मग खुनी कोण ते कसं ठरवायच्या?"

"ते लोकच ठरवायचे आपसात. कुनी म्हनायचं चुलता, कुनी म्हनायचं सावकार. जास्ती बारीला मुकादमच निघायचा." टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमाबद्दल तिचं काय मत होतं ते वेगळं विचारायची गरज नव्हती. आप्पा खो खो हसले. मलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. माझी सोळाच्या सोळा पानं नेमकी त्याच प्रश्नासाठी खर्च झाली होती.

"आणि शेवट? शेवटी काय व्हायचं?"

"शेवटी फौजदार मेल्याच्या घरी जायचा," ती म्हणाली. "आई असली तर आईकडं, बायको असली तर बायकोकडं. तिच्या हातातलं काम आधी आपन करायचा. दळत असली तर दळायचा, सारवत असली तर पोतेरं घ्यायचा हातात. मंग खाली बसवून सांगायचा. मानसं येईस्तोवर उठायचा न्हाई."

दोराचा फर्मा अजून माझ्या हातातच होता.

"तुमचाच हाय की त्यो शेवट," बाई म्हणाली. "एकदा तोडीच्या ट्रकची वाट बघत आप्पाच्या फळीवर बसलते, तवा आप्पानं दिलता वाचायला. त्यो दोराचा. मी फकस्त समद्या पुस्तकांला लावला."

"पण बाई, प्रत्येक पुस्तकाचा शेवट वेगळा होता."

"आसं कसं?" तिला माझं बोलणं खरंच समजलं नाही. "मानूस तर त्योच हाय ना? एकदा आईच्या दारी गेलता, तर दुसऱ्या बारीला काहून जानार न्हाई? आन् ज्याला खरं वाटायचं न्हाई त्याला मी म्हनायची, जा, आप्पाकडं दोराचं पान हाय, बघून ये."

मग मी तिला ते सांगितलं, जे बायको आणि प्रकाशक सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणालो, आता शेवटचं पुस्तक लिहितोय, कॉलेजच्या पोराचा खून आहे आणि शेवटी फौजदाराला मारून टाकणार आहे. मी थकलोय.

"मारा की. तुमचा हाय," ती म्हणाली. तिनं एका गिऱ्हाइकाला पावशेर लसूण मोजून दिला, वर दोन पाकळ्या टाकल्या आणि परत माझ्याकडे वळली. "पन मंग त्या पोराच्या आईकडं कोन जानार?"

त्या पोराला आई आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. दोनशे पानं लिहून झाली होती. प्रेताच्या खिशात काय सापडलं ते मी दीड पान लिहिलं होतं. आई कुठेच नव्हती. साठ पुस्तकांत मी इतकी माणसं मारली, आणि एक घर सोडलं तर कुणाच्याही घरी निरोप पाठवला नव्हता. मला त्या बाईपुढे मान वर करवेना. मी आप्पांना नमस्कार केला आणि फक्त दोराचा फर्मा खिशात घालून निघालो. डबा त्यांना ठेवून घ्या म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती चार टोमणे मारील. तिनं मारले नाहीत. ती म्हणाली, "मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, हा मेलेल्यांच्या घरी कधी जातो हो? तुम्ही म्हणालात, तुला रहस्यकथेतलं काय कळतं." मला ते अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे मी नक्कीच तसं म्हणालो असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवट लिहायला बसलो आणि जेवणाच्या आत उठलो. फौजदार मेला नाही. मी त्याला पहिल्यांदाच गुडघेदुखी दिली. मग त्याला त्या पोराच्या घरी पाठवलं. आई मिरच्यांचे देठ काढत बसली होती. तो तिच्याजवळ जमिनीवर कसाबसा बसला आणि देठ काढायला लागला. चार पानांत संपलं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "दमलेला दिसतो हो आता." मी म्हणालो, "आहेच." तिनं ती पानं लगेच परत दिली नाहीत, थोडा वेळ मांडीवर धरून बसली.

प्रकाशकाच्या मुलाचा फोन आला. "सर, सगळ्यांना खोलीत बसवणं वगैरे नाहीच? खुनी कोण ते वाचकाला कसं कळणार?"

"दोनशे पानं दिलीत त्याला. शोधू दे."

"आणि फर्म्यात बारा पानं कोरी राहतायत."

"राहू दे," मी म्हणालो. त्यानं ती राहू दिली नाहीत, माझ्या जुन्या पुस्तकांची यादी छापली.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन मी बाजाराच्या दिवशी वडवणीला गेलो. आप्पांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकत होती. बाई आपल्या जागेवर होती. मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "याला शेवट आहे बरं का. फर्मा काढलेला नाही. वाचा." बाहत्तराव्या वर्षी परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखं मी त्या पोत्यापुढे उभा होतो. एका माणसानं तरी माझा शेवट माझ्यासमोर वाचावा, एवढंच मला हवं होतं.

तिनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. मुखपृष्ठावरच्या बाईकडे बघून नाक मुरडलं.

"पोराच्या आईकडं जातो ना शेवटी?" तिनं विचारलं.

"जातो."

"हातातलं काम घेतो?"

"घेतो. मिरच्यांचे देठ काढतो."

तिनं क्षणभर आपल्यापुढच्या मिरच्यांच्या ढिगाकडे बघितलं. मग मान हलवली. पुस्तक मांडीवर उपडं घातलं, पाठीतली पिन नखानं उचकटली आणि शेवटचा फर्मा अलगद, एकही पान न फाडता सोडवून काढला. तो माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सून निघालीय तोडीला, तिला देते पुस्तक. ती सांगंल शेवट. तिला ठाव हाय."

मी फर्म्याची गुंडाळी केली आणि पिशवीत ठेवली. पावशेर मिरच्या घेतल्या आणि स्टँडकडे चालू लागलो.